चिखलाने माखलेली झूल

एका जंगलात शर्यतीचं एक मैदान होतं, मुलांनो. होतं म्हणजे, आता नाही. तिथे सडपातळ, लांब पायांचे कुत्रे अंगावर झूल चढवून धावत. त्यांच्या पुढे दोरीला बांधलेला चिंध्यांचा ससा पळे. मैदानाच्या टोकाला बसलेलं वानर चाक फिरवून ती दोरी ओढे. ससा चिंध्यांचा आहे, हे कुत्र्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटी शेवटी तिथे फारसं कुणी फिरकेना. मग मैदान बंद पडलं आणि सगळ्यांना त्याचं फार प्रेम आलं. अस्वलाने शिट्टी जपून ठेवली. खारीने पाण्याचं भांडं नेलं आणि त्यात ती स्वतःच राहू लागली. म्हशीने कुंपणाचा खांब नेला. म्हणाली, "याला पाठ घासत मी लहानाची मोठी झाले."

उदमांजराने तर एका कोरड्या गुहेत संग्रहालयच उघडलं आणि दवंडी पिटली. शेवटची शर्यत जिंकणाऱ्या कुत्र्याची झूल हवी आहे. ज्याची झूल अस्सल ठरेल, त्याला झुलेसोबत जन्मभर गुहेत ठेवून घेऊ. शेकोटीजवळ.

ती शर्यत पवनी नावाच्या कुत्रीने जिंकली होती. आता ती म्हातारी झाली होती. थंडीत तिचे मागचे पाय आखडत. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तर ते बराच वेळ सरळच झाले नाहीत. आणखी एक हिवाळा उघड्यावर निघेल असं तिला वाटत नव्हतं. तिने आपली झूल तोंडात धरली आणि ती निघाली.

वाटेत गबाळ्या भेटला. तो त्याच शर्यतीत शेवटचा आला होता. त्याच्याही तोंडात झूल होती.

"तू कशाला निघालास रे?" पवनीने विचारलं.

"पायपुसणं म्हणून तरी घेतील," गबाळ्या म्हणाला.

झुलांवर शिवलेले आकडे कसरीने खाल्ले होते. उदमांजराने जुन्या प्रेक्षकांना विचारलं, कोण जिंकलं होतं? सगळे म्हणाले, "आम्ही सशाकडे बघत होतो."

मग तज्ज्ञ म्हणून पिंगळ्याला बोलावलं. त्याने मान पूर्ण मागे फिरवून विचार केला.

"त्या दिवशी पाऊस होता. ही झूल चिखलाने माखली आहे. ही दुसरी कोरी करकरीत. म्हणजे ही धावलेलीच नाही."

"पिंगळेकाका, चिखल मागच्यांच्या अंगावर उडतो," पवनी म्हणाली. "माझ्या पुढे कुणी नव्हतंच."

"तिच्याच पायांचा चिखल आहे हा," गबाळ्या म्हणाला. "माझ्या तोंडातसुद्धा गेला होता."

"खरे विजेते असेच नम्र असतात," पिंगळा उदमांजराच्या कानात म्हणाला.

"मग पुन्हा धावून दाखवते," पवनी म्हणाली.

"धावा," पिंगळा म्हणाला. "ज्याच्या अंगावर या झुलेसारखा चिखल दिसेल, झूल त्याची."

पाऊस पडला, मैदान भिजलं. वानराने चाकाला तेल घातलं. सुरुवातीच्या रेषेवर गबाळ्या हळूच म्हणाला, "पवने, शहाणी असशील तर आज मागे राहा. चिखल खा आणि शेकोटी घे."

"आणि तू पुढे जाशील?"

"बघतो. सवय नाही."

पवनीने मनाशी पक्कं ठरवलं. पाय दुखत होते, त्यामुळे मागे राहणं सोपंच होतं.

मग ससा हलला.

"अगं, थांब ना," मागून गबाळ्या धापा टाकत ओरडत होता. पवनीला ते ऐकू येत होतं. आपण थांबतोच आहोत असंही तिला वाटत होतं. पायांना मात्र हे कुणी कळवलं नव्हतं.

ती पहिली आली. पोटापर्यंत पाय चिखलाने भरले होते, पण पाठीवरच्या झुलेवर एक शिंतोडा नव्हता. बऱ्याच वेळाने एक चिखलाचा गोळा आला. तो गबाळ्या होता.

सगळ्यांनी पवनीसाठी टाळ्या वाजवल्या. पिंगळ्यानेही वाजवल्या. "फार सुंदर धावलीस, पोरी," तो म्हणाला. "झूल गबाळ्याची."

गबाळ्या शेकोटीजवळ राहायला गेला. जाताना त्याने एक अट घातली. झूल ठेवलेल्या काचेच्या पेटीवर धूळ बसते, ती पुसायला पवनीला आत घ्या. उदमांजराला ते पटलं. पुसण्यासाठी पवनीची झूल उत्तम होती. तिच्यावर एक डागही नव्हता.

पवनीचे पाय आता आखडत नाहीत. लोक दुरून संग्रहालय बघायला येतात. गबाळ्याला वाकून नमस्कार करतात. आणि पवनीला म्हणतात, "जरा बाजूला हो गं, नीट दिसत नाही."

तात्पर्य: शर्यत जरूर जिंकावी, पण कुणाच्या तरी मागे राहून. फार पुढे जाणाऱ्याच्या अंगावर काही खूणच उरत नाही, मग तज्ज्ञांनी तरी काय करावं? पिंगळा चुकला, असं मला छातीठोकपणे म्हणवत नाही, मुलांनो. झूल खरोखरच फार स्वच्छ होती.