गुपचूप उपसायचा खड्डा

देवमननं बेत असा पक्का केला होता की त्यात मुंगीलाही शिरायला फट नव्हती. सात माणसं येतील. सकाळीच येतील. माळावरचा खड्डा उपसतील, खीर खातील आणि दुपार कलायच्या आत अकोल्याला परत जातील. किन्हीराजात कुणाला पत्ताही लागणार नाही!

"बाबा, सात मानसं जीपीतून उतरतील आन गावाले दिसनार नाईत?" लेकीनं, लिलाबाईनं विचारलं. ती आदल्या दिवशीच मालेगावच्या सासरहून आली होती.

"गाव सकाळी वावरात असते."

"आन माळ कुठी हाय? वावराच्याच मधात ना?"

देवमन कुदळीचा दांडा ठोकू लागला. भागिरथा असती तर तिनंही हेच विचारलं असतं, आणि त्यानं तिच्यापुढंही दांडाच ठोकला असता.

भागिरथा म्हणजे देवमनची बायको. बेताच्या दिवशी तिला जाऊन बरोबर वर्ष होत होतं. बहात्तरच्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. एकदा परत येताना तिला माळावरच्या कोरड्या ओघळीत एक हरिणी ओली माती चाटताना दिसली. दुसऱ्या दिवसापासून बाईनं तिथं खणायला घेतलं. दिवसभर सरकारची कुदळ, संध्याकाळी घरची! कमरेइतकं खोल गेल्यावर तळाला पाणी पाझरलं. काळविटांचा अख्खा कळप त्या उन्हाळ्यात त्या घमेलंभर पाण्यावर जगला. तेव्हापासून दर उन्हाळ्याआधी नवरा-बायको तो खड्डा गुपचूप उपसत आले होते.

ही गोष्ट नवरा-बायकोशिवाय गावात कुणाला माहीत नव्हती, आणि माहीत होऊन चालणारही नव्हतं. कारण हाच कळप गावाचा हरभरा खायचा. लोक हरणांच्या नावानं बोटं मोडत होते. अशा गावात कुणी हरणांना पाणी पाजतं आहे असं कळलं असतं, तर लोकांनी आधी खड्डा बुजवला असता आणि मग देवमनला बोलावून जाब विचारला असता.

भागिरथानं जाताना दुसरं काही मागितलं नाही. "तेवढा खड्डा बुजू देऊ नका," एवढंच म्हणाली.

आणि पुढच्याच पावसाळ्यात खड्डा गाळानं काठोकाठ भरला! देवमन दोनदा कुदळ घेऊन गेला. दोन्ही वेळा काठावर बसला, रडला आणि कुदळ तशीच खांद्यावर टाकून परत आला. जिथं ती खणत होती तिथं एकट्यानं कुदळ मारायला त्याचा हात उचलेना. उन्हाळा तर तोंडावर आलेला.

शेवटी लेक मागच्या खेपेला माहेरी आली तेव्हा त्यानं तिच्याकडून हिरालाल सरांना कार्ड लिहून घेतलं.

हिरालाल सर अकोल्याच्या एका कॉलेजात प्राण्यांचा विषय शिकवायचे. त्यांचा भाऊ केनियात दुकान चालवायचा. सर त्याच्याकडे गेले आणि तिथल्या जंगलात पाच परक्या माणसांबरोबर तीन आठवडे राहून आले. सकाळी प्राणी बघायचे आणि दुपारी त्यांच्यासाठी राबायचं, अशी ती सफर होती. शिकाऱ्यांनी लावलेले तारेचे फास काढायचे, बुजलेले पाणवठे उपसायचे. तिथून आल्यापासून सरांचं प्रत्येक वाक्य 'आफ्रिकेत' या शब्दानं सुरू व्हायचं. चहात साखर कमी पडली तरी आफ्रिका, चपलेचा अंगठा तुटला तरी आफ्रिका!

दोन वर्षांपूर्वी ते काळवीट बघायला माळावर आले होते, तेव्हा भागिरथानं त्यांना पाणी दिलं होतं आणि विश्वासानं खड्डाही दाखवला होता.

"आफ्रिकेत आम्ही असाच पाणवठा उपसत होतो," सर म्हणाले होते, "तेवढ्यात समोर हत्तीण!"

"मंग तुमी काय केलं?"

"पळालो."

"आन गाळ?"

"गाळ दुसऱ्या दिवशी काढला."

"मंग बराबर हाय," भागिरथा म्हणाली होती. "काम पुरं केलं ना!"

सरांनी ही शाबासकी जपून ठेवली होती. कार्ड मिळताच त्यांचं उत्तर आलं: 'सहा जणांना घेऊन येतो. अगदी आफ्रिकेसारखं करू.'

ठरल्या दिवशी जीप आली. सर उतरले. मागून पाच जण उतरले, आणि सर्वांत शेवटी गिरजाबाई. या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात दुर्बीण, आणि डोक्यावर एवढी मोठी टोपी की तिच्या सावलीत दोन शेळ्या बसल्या असत्या.

"सिंह कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं.

"सिंह नाई बाई. हरनं हायत."

"मग हरणं कुठल्या बाजूला?"

"तुमची जीप पाहून ते कारंज्याच्या बाजूले गेले."

बाईंनी दुर्बीण डोळ्यांना लावली ती दुपारपर्यंत काढली नाही.

कामाआधी वर्षाचं करायचं होतं. लिलाबाईनं खड्ड्याच्या काठावर पांढरं कापड अंथरलं. त्यावर बुद्धाची तसबीर ठेवली आणि शेजारी आईचा फोटो. मेणबत्त्या लावल्या, उदबत्ती लावली, पांढरी फुलं वाहिली. बापलेक दोघंही पांढऱ्या कपड्यांत हात जोडून उभे राहिले आणि पालीत त्रिशरण-पंचशील म्हणू लागले. सरांनी त्याआधीच खड्ड्याच्या चार कोपऱ्यांना चार खुंट्या ठोकून सुतळी बांधली होती. आफ्रिकेत म्हणे आधी सुतळी लावतात! गिरजाबाई सोडून बाकीचे पाहुणे कुदळी-फावडी जमिनीवर ठेवून, माना खाली घालून शांत उभे होते.

आणि नेमका त्याच वेळी पलीकडच्या मळ्यात पुंजाजी मेथीला पाणी देता देता कंबर सरळ करायला उभा राहिला.

पुंजाजी भाजीपाला पिकवून मालेगावच्या बाजारात नेत असे. त्याच्या कानावर पडलेली गोष्ट बाजारात त्याच्या भाजीआधी पोचायची. पाणी तसंच सोडून तो माळ चढला. वंदना संपेपर्यंत मात्र तो बाजूला उभा राहिला. तेवढी रीत होती त्याच्यात.

"देवमनभाऊ, काय करून राह्यले?"

"काई नाई," देवमन म्हणाला.

पुंजाजीनं पाहिलं. चार खुंट्या. ताणलेली सुतळी. मेणबत्त्या. पांढरे कपडे. त्याला न समजणारा मंत्र. कुदळींपाशी उभी सात शहरी माणसं, आणि त्यातली एक बाई राखण केल्यासारखी दुर्बिणीतून चारी दिशांना पाहते आहे!

"काईच नाई?"

"काईच नाई."

पुंजाजीनं आवाज खाली आणला. "भागिरथावैनीचं काई हाय का इथं?"

देवमनचे डोळे भरून आले. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "हाय. जातानी तिनं याचंच नाव घेतलं."

पुंजाजीचा जबडा खाली आला.

"कोनाले सांगू नको, पुंजाजी. तुले हात जोडतो."

"गळ्याची आन! मेलो तरी सांगनार नाई!" पुंजाजी म्हणाला आणि निघाला. चालत नाही. पळत!

अर्ध्या तासानं पाच जण आले. पाचांच्याही खांद्यावर कुदळ. "आमी आपले सहज फिराले निंगालो," ते म्हणाले. सहज फिरायला कुदळ! त्यांच्यामागून वीस आले. मग शेजारच्या दोन गावांतले आले. बाया टोपल्या घेऊन आल्या. मालेगावहून दोघं मोटारसायकलवर पहार आडवी धरून आले, आणि वाटेत त्या पहारीनं कुणाच्या तरी घराची अर्धी कुडाची भिंत बरोबर आणली. गावात केनवडचे पाहुणे मुलगी बघायला आले होते. ते मुलगी न बघताच माळावर आले!

देवमननं कपाळावर हात मारला. झालं. गावाला कळलं. आता खड्डा बुजवणार!

हिरालाल सरांना मात्र हर्षवायू व्हायचा तेवढा राहिला. "देवमनराव! आफ्रिकेत आम्ही सहा होतो. सहा! आणि इथं बघा! केवढी ही जागृती!" ते एका दगडावर चढले. "मित्रांनो, तुम्ही आपणहून आलात! इथं एकट्यादुकट्याचं काही नाही. इथं जे निघेल ते सगळ्यांचं!"

लोकांनी अशी आरोळी ठोकली की कारंज्याच्या बाजूला गेलेली हरणं तिथूनही पुढं गेली असतील.

"सर्वांनी आपली नावं लिहून द्या," सर म्हणाले. त्यांना अकोल्याला दाखवायची होती.

दोनशे माणसांनी सरांना घेरलं. "माहं लिहा! माह्या भावाचं लिहा, तो पुन्याले हाय!" उकंडराव गावातले सर्वांत वयस्कर गृहस्थ. त्यांनी स्वतःचं नाव दोनदा सांगितलं. एकदा आडनावानं आणि एकदा बिनआडनावाचं.

मग खणाखण सुरू झाली. पाहुण्यांच्या हातातली फावडी कधी गेली ते त्यांना कळलंच नाही. भागिरथाचा कमरेएवढा खड्डा बघता बघता छातीएवढा झाला, मग पुरुषभर झाला. देवमन काठाशी आला. ही माणसं बुजवत नाहीत, खणत आहेत, हे त्याच्या ध्यानात आलं. मग का खणत आहेत तेही ध्यानात आलं! भागिरथाच्या नावानं दोनशे माणसांना फसवायचं? तेही आज? ते त्याला सोसेना. खड्डा गेला तर जाऊ दे म्हणून तो काठावर उभा राहून ओरडला.

"थांबा! इथं धन नाई! हा खड्डा माह्या बायकोनं खंदला होता. हरनाले पानी प्याले!"

कुदळी थांबल्या. देवमननं डोळे मिटले.

उकंडराव हसले. "काय बे देवमन! हरनाच्या पान्यासाठी अकोल्याहून जीप येते का?"

"येते! खरंच येते!"

"आन ते बाई टोपी घालून येते?"

सगळा माळ खदाखदा हसला. "आमाले हाकलून राह्यला!" कुणीतरी म्हणालं, आणि कुदळी दुप्पट जोरानं चालू झाल्या. खरं सांगितलं म्हणून कामाला एवढा वेग आलेला देवमननं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला.

दुपार कलता कलता पहार मुरमात घुसली आणि पाण्याची धार उसळली. पाहता पाहता आतल्या लोकांच्या घोट्याला लागली, मग गुडघ्याला. लोक बोंबलत वर चढले.

उकंडरावांनी वाकून पाहिलं आणि निकाल दिला. "धन सरकलं! पान्याखालून सरकलं. आता बापजन्मात सापडत नाई."

लोकांची तोंडं पडली. तेव्हा लिलाबाईनं खिरीचं पातेलं पुढं आणलं. खीर वीस जणांची आणि माणसं दोनशे. प्रत्येकाच्या तळहातावर चमचाभर आली. देवमन मात्र एकेकासमोर जाऊन हात जोडत होता. "लय उपकार झाले बाप्पा. लय उपकार झाले." एवढं म्हणून तो पुढच्याकडे वळत होता.

"पाह्य बिचाऱ्याले," बाया म्हणाल्या. "एवढं धन गेलं, तरी हात जोडून राह्यला!"

केनवडचे पाहुणे गुडघाभर चिखलानं मुलगी बघायला गेले. मुलीनं आतूनच नकार पाठवला.

जीपमध्ये बसताना गिरजाबाई म्हणाल्या, "मला प्राणी एकही दिसला नाही. पण माणसं काय दिसली हो!" सर म्हणाले, "आफ्रिकेत..." आणि थांबले. थोडा विचार करून म्हणाले, "नाही. आफ्रिकेत असं काही झालं नव्हतं."

गाव आपापल्या घरी गेलं. देवमन एकटाच काठावर उभा राहिला. पाणी होतं, निवळशंख होऊ लागलं होतं, आणि दीड पुरुष खाली होतं! काठ भिंतीसारखे सरळ. हरणांनी प्यायचं कसं? दोर सोडून?

दुसऱ्या दिवसापासून त्यानं एका बाजूनं उतार खणायला घेतला. हात उचलला आणि कुदळ चालली. कशी चालली ते त्यालाच ठाऊक नाही. वर्षभर सकाळी उठून करायचं काय हे त्याला कळत नव्हतं. आता कळत होतं.

तिसऱ्या दिवशी पुंजाजी आला. बराच वेळ पाहत राहिला.

"अजून खंदून राह्यला? म्हंजे हाय तं खरं!"

"हाय," देवमन म्हणाला.

"निम्मंनिम्मं?"

देवमननं मनात विचार केला आणि सरकून जागा दिली. "निम्मंनिम्मं."

दोघं सतरा दिवस खणत होते. पुंजाजी घरून भाकरी आणायचा, त्यात देवमनची एक जास्त असायची. अठराव्या दिवशी सकाळी दोघं झुडपाआड बसले असताना कळप आला. पुढं काळा नर, मागून माद्या. एकेक करून उतार उतरले आणि पाण्याला तोंड लावलं.

पुंजाजीनं हातातली कुदळ खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "म्हंजे हे हरनासाठीच होतं?"

"सांगतलं नोयतं का?"

"आन माहं निम्मं?"

देवमननं कळपाकडे बोट दाखवलं. "पाह्य ना. निम्मे तुहे."

पुंजाजीनं कळपाकडे पाहिलं, देवमनकडे पाहिलं, आणि डोळे पुसले. ते पाणी हसूनच आलं होतं, असं तो सांगतो. "भागिरथावैनी लय पक्की बाई होती बाप्पा," म्हणाला आणि कुदळ खांद्यावर टाकून गेला. देवमननं त्याच्या पाठीलाही हात जोडले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पुंजाजी देवमनच्या दारात उभा होता. हातात मेथीचा खुडलेला बुडखा.

"देवमनभाऊ! माह्या वाट्याच्या हरनांनी माहीच मेथी खाल्ली! तुह्या वाट्याचे कुठी होते?"

"तितंच होते," देवमन ओशाळून म्हणाला. "तुह्या वाट्याच्यांनी पंगतीले बलावलं त्यायले!"