पोकळी कुठं पडली, पावणं?

अन्याय भिकानानांवर झाला. गेल्या महिन्यात, कांदाकाढणी ऐन भरात असताना, एका गुरुवारी सकाळी, कुकडीकाठच्या दशक्रिया घाटावर. गावातल्या काही प्रतिष्ठितांनी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, "नाना, यापुढं दहाव्याला यायचं नाही." गुन्हा काय? नानांनी एक प्रश्न विचारला आणि माणसं हसली.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या जुन्नर-आंबेगावात दशक्रिया म्हणजे निम्मा विधी आणि निम्मी सभा. पिंडाला कावळा शिवायच्या आत माइकला पुढारी शिवतो. ज्यांनी गेलेल्या माणसाला कधी पाहिलंही नाही, ते "आमचे मार्गदर्शक" म्हणून श्रद्धांजली वाहतात, घड्याळ बघतात आणि पुढच्या घाटाकडे गाडी पळवतात. या भाषणांत मेलेला प्रत्येक माणूस सारखाच असतो: मनमिळाऊ, धार्मिक, सगळ्यांच्या सुखदुःखात धावून जाणारा. एवढी माणसं धावून जात असती तर आमचे रस्ते एव्हाना रुंद झाले असते.

त्या दिवशी दहावा तुकाअण्णांचा होता. एक पुढारी घसा साफ करून म्हणाले, "अण्णांच्या जाण्यानं कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे."

मागून नाना उठले. "पावणं, कुठं पडली म्हणायची?"

"काय?"

"पोकळी. मागल्या आठवड्यात पल्याडच्या गावात बी एक पाडली तुमी. असं व्हत ऱ्हायलं तर तालुक्यात पाय ठिवायला जागा न्हाई उरायची. थट्टा न्हाई, खरंच इचारतो. अण्णा गेलं, तर नक्की काय गेलं? एक तरी सांगा."

पुढाऱ्यांनी घड्याळ बघितलं. माइकवाल्यानं उगाच माइक ठोकून पाहिला. तेवढ्यात बायकांमधून अण्णांची थोरली बहीण रडता रडताच बोलली, "पत्त्यात हारला की रुसायचा माजा भाऊ. जेवायचाच न्हाई. नातवंडं झाली तरी!" आणि सगळा घाट हसला. अण्णांची मुलंसुद्धा हसली, अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच.

घाटावर हसू म्हणजे पाप. नानांचं येणं बंद.

आता नाना कोण? दूध डेअरीच्या संकलन केंद्रावर त्यांची उभी हयात गेली. कॅन उघडायचा, नमुना काढायचा, फॅट बघायची, पाणी घातलेलं दूध परत पाठवायचं. नोकरी सुटली पण सवय सुटली नाही. आता ते दुधाऐवजी वाक्यं तपासतात. कुणी म्हणालं, "अमका लई चांगला माणूस हाय," की नाना डोळे बारीक करतात. "फॅट किती लागली?" म्हणजे त्यानं केलेली एक चांगली गोष्ट सांगा. सांगता आली नाही तर कॅन परत.

सगळ्यात जास्त सोसते ती सून, सुनीता. "नाना, जेवायला चला, सगळं गरमागरम आहे."

"सगळं? लोणचं बी?"

"लोणचं पण तापवते, पण या!"

डॉक्टरांनी एकदा त्यांना सांगितलं, "आराम करा." नाना म्हणाले, "कशापास्नं?" डॉक्टर विचारात पडले आणि पुढचा पेशंट ताटकळला.

लेण्याद्रीला गेले की नाना गणपतीला हात जोडतात आणि मग लेण्यातल्या एखाद्या रिकाम्या कोठडीत जाऊन बसतात. मी विचारलं, "इथं काय करता?"

"हितं भिक्खू ऱ्हायचं. पावसाळाभर बसून काय करत असतील? एकमेकाला इचारत असतील. माइक न्हाई, हार न्हाई. मज्जाच की राव!"

"मग शहाणपण सापडलं का तुम्हाला?"

"घावलं असतं तर इचारत हिंडलो असतो का? ज्याला घावलं त्यो गप बसतो. न्हाईतर भाषण करतो."

याला विद्यापीठात तत्त्वज्ञान म्हणतात. आमच्या गावात खोड म्हणतात. आपली समजूत अशी, की तत्त्वज्ञान म्हणजे उत्तरांचं गाठोडं, कुणीतरी थोरानं बांधून दिलेलं. आपण फक्त डोक्यावर घ्यायचं. नानांनी ते गाठोडं कधी उचललंच नाही. म्हणून ते मोकळे आणि खूश दिसतात, आणि म्हणूनच लोकांना खुपतात.

बंदीनंतर दोन आठवड्यांनी मी पत्रक लिहिलं: 'घाटावरची भाषणबाजी बंद करा!' आणि सहीसाठी नानांच्या ओट्यावर गेलो. नानांनी चष्मा लावला.

"'समस्त जनतेचा संताप.' समस्त म्हंजी कोन कोन?"

"नाना, असं लिहायचं असतं."

"मंग त्यांनी पोकळी म्हणलं तर तुला राग का?"

आत सुनीता खुदकन हसली. मी पत्रकाची घडी घातली.

"आन् बंद कशाला करायची भाषणं? बोलू दे की. खरं बोलू दे."

मी चिडलोच. "पण तुम्ही कशाला जाता? कुणाच्याही दहाव्याला! ना नात्यात, ना गोत्यात."

नानांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "आमची कारभारीण, पारू, गेली तवा मोप पुढारी आलं. सगळी म्हणली, धर्मपरायण माउली. आरं, ती देवाशी भांडायची! तिला कुस्त्यांचा नाद. जत्रंत बायकांत बसायची आन् पैलवान पडला की तिथनं शिव्या हासडायची. मी वाट बघितली, कुणीतरी म्हणंल. कुणी म्हणलं न्हाई. माइक माज्याकडं आलाच न्हाई, आन् मी बी मागितला न्हाई. घरी येताना वाटलं, दुसऱ्याच कुण्या बाईचा दहावा करून आलो."

चहा घेऊन आलेली सुनीता दारातच थांबली होती.

"म्हणून जातो," नाना म्हणाले. "एखाद्याच्या दहाव्याला एक खरं वाक्य निघालं ना, तर त्या दिवशी पारू बी जरा व्हती तशी दिसती."

कपबशी घेऊन मी आत गेलो, तेव्हा सुनीता हळूच म्हणाली, "अजून घाटावर दहावा असला की सकाळी आंघोळ करून, टोपी घालून ओट्यावर बसतात. जाणारे लोक दुसरीकडे बघतात."

ते पत्रक मी छापलं नाही. त्याऐवजी हे लिहितोय, आणि आता तुम्हाला सांगतोय. तुमच्या घरातलं कुणी गेलं, तर दहाव्याला पहिला निरोप भिकानानांना धाडा. त्यांना पुढं बसवा. ते उठून विचारतील, "नक्की काय गेलं?" तेव्हा पुढाऱ्याकडे बघू नका. तुम्ही बोला. आणि त्या वेळी बोलता यावं म्हणून आज घरी जा, जे माणूस अजून तुमच्या समोर बसून जेवतंय, त्याच्याकडे एकदा नीट बघा.