रणपिसे सरांची वाजवी मुदत

वर्षातून एकदा रणपिसे सर सोसायटीत घरोघरी पेढे वाटायचे. कशाचे, म्हणून विचारलं की शांतपणे सांगायचे, "अँटिग्वानं अमेरिकेला हरवलं त्याचे." पहिल्या वर्षी मी विचारून बसलो, "क्रिकेटमध्ये?" सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचे दोन दिवस मी जिन्यानं वर जात होतो. लिफ्टमध्ये गाठ पडायला नको.

मग हळूहळू उलगडा झाला. सरांनी तीस वर्षं कायद्याच्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय व्यापाराचा कायदा शिकवला. अँटिग्वा हे वेस्ट इंडिजमधलं बेट, आपल्या हवेली तालुक्याहूनही लहान. तिथल्या कंपन्या इंटरनेटवरून अमेरिकेतल्या लोकांना जुगार खेळवायच्या. अमेरिकेनं नैतिकतेचं कारण काढून ते बंद पाडलं, आणि स्वतःच्या घोड्यांवरच्या पैजा मात्र घरबसल्या चालू ठेवल्या. बेटानं ते भांडण जागतिक व्यापार संघटनेच्या जिनिव्हातल्या पंचांपुढे नेलं आणि चक्क जिंकलं. पुढे अमेरिका ढिम्म हलली नाही, तो भाग वेगळा. सरांचं म्हणणं एकच. "बंदी घाला, जरूर घाला. पण सगळ्यांना सारखी घाला."

मी या सोसायटीचा सेक्रेटरी. पोस्टातून रिटायर झालो, वाघोलीत फ्लॅट घेतला आणि पहिल्याच सभेत उशिरा पोचलो म्हणून हे पद गळ्यात पडलं. पाण्याचा टँकर आला नाही की लोक माझ्या नावानं शंख करतात. सर तेवढ्यात मागून विचारणार, "प्रतिवादी कोण?" लिफ्ट बंद पडली तरी प्रतिवादी कोण, कबुतरांनी घाण केली तरी प्रतिवादी कोण.

भांडणं सोडवायची सरांची पद्धतही जिनिव्हाची. देशमुखबाईंच्या कुंड्यांचं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायचं. सरांनी नियम वाचून दाखवले. आधी साठ दिवस सल्लामसलत, म्हणजे दोन्ही पक्षांनी समोरासमोर बसून चहा प्यायचा. नाही जमलं तर तीन पंच. पंचांचा लेखी अहवाल. आणि दोषी ठरला त्याला सुधारायला वाजवी मुदत, जास्तीत जास्त पंधरा महिने. "लगेच कारवाई केली की माणूस ताठरतो सेक्रेटरीसाहेब, मुदत दिली की वळतो," असं सर सांगायचे. इकडे मुदत संपेपर्यंत खालचे भाडेकरू घर सोडून गेले. देशमुखबाई निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांनी कुंड्या वाढवल्या. मला ही पद्धत भलतीच आवडली. कोणाला काही करावंच लागत नव्हतं.

हसण्यावारी नेण्यासारखं होतं तोवर आम्ही सगळे हसलो.

सरांचा एकुलता एक मुलगा सिद्धार्थ. खराडीत सॉफ्टवेअरमध्ये होता, चौतीस वर्षांचा. लग्न केलं नव्हतं. त्याची आई सुमनताई गेल्यावर घरात दोघेच पुरुष. हा पोरगा मोबाईलवर रमी खेळायला लागला. पैसे लावून. आधी लिफ्टमध्ये खेळताना दिसायचा, मग गाडी लावून तासन् तास गाडीतच बसलेला. मग नोकरी गेली. मग एक दिवस कपाटातल्या सुमनताईंच्या पाटल्या गेल्या.

दुसऱ्या कुठल्याही बापानं दोन कानाखाली वाजवल्या असत्या, नाहीतर डॉक्टरकडे तरी नेलं असतं. सरांनी सल्लामसलत सुरू केली. साठ दिवस, रोज संध्याकाळी, समोरासमोर बसून चहा. एकसष्टाव्या दिवशी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "आपण पंच व्हावं अशी विनंती आहे."

पंच आम्ही तिघं. मी, देशमुखबाई आणि सरांचा एक जुना विद्यार्थी, वकील. सरांच्या हॉलमध्ये बसलो. सिद्धार्थ समोर वेताच्या मोड्यावर, मान खाली. देशमुखबाईंनी सरळ सांगितलं, "अहो सर, फोन काढून घ्या आणि उद्या सकाळी त्याला दवाखान्यात न्या. कसली मुदत घेऊन बसलात?" वकील म्हणाला, पद्धत म्हणजे पद्धत. उरलो मी. मला घरी जायचं होतं आणि सरांचं मनही मोडायचं नव्हतं. मी म्हटलं, पूर्ण पंधरा महिने द्या.

सिद्धार्थ त्या दिवशी एकदाच बोलला. "बाबा, फोन आजच घ्या ना माझ्याकडून."

सर म्हणाले, "अंमलबजावणी मुदतीनंतर. मधे तुला स्वतःहून वळायची संधी आहे."

तो तिसऱ्या महिन्यात घर सोडून गेला. चिठ्ठी नाही, फोन बंद. पोलिसांत तक्रार दिली, मीच सोबत गेलो होतो. हवालदारानं फोटो मागितला तर सरांच्या पाकिटात निघाला तो त्याचा दहावीतला. हा कसा चालेल, म्हणून हवालदार वैतागला. सरांनी तो फोटो परत पाकिटात ठेवला. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

त्या वर्षी पेढे आले नाहीत. टँकर चुकला तरी कोणी प्रतिवादी विचारेना. सर सोसायटीच्या बाकावर बसायचे ते फोनमध्ये डोकं घालून. एकदा मागून जाताना मी पाहिलं, तर स्क्रीनवर पत्ते. देशमुखबाईंनीही पाहिलं होतं. "बापानंही तेच धरलं हो," असं त्या मला दारात उभं राहून सांगून गेल्या. मी सरांना काही विचारलं नाही. आपण कुठल्या तोंडानं विचारायचं?

मग सरकारनं कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद झाले. आमच्या सभेत सरकारच्या अभिनंदनाचा ठराव एकमतानं पास झाला. सभेला न आलेल्यांच्या सह्या गोळा करताना एकच अडली. सर नाही म्हणाले. शिवाय वकिलाकडून बातमी फुटली की सरांनी थेट अँटिग्वाच्या सरकारला पत्र लिहायला घेतलंय. सिद्धार्थ खेळायचा ते रमीचं ॲप त्यांच्याच परवान्यावर चालायचं, तेव्हा त्यांनी भारताला जिनिव्हात खेचावं. झालं. सोसायटीत नुसता गलका. ज्याचा मुलगा यात गेला, तोच बंदीविरुद्ध उभा राहतो, वर स्वतःच्या देशावर दुसऱ्याला खटला भरायला सांगतो. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, सेक्रेटरी तुम्ही बघा.

दुपारी चारला मी ठरावाचा कागद घेऊन गेलो. मनातून चिडलोच होतो. बसल्याबरोबर म्हटलं, "सर, हे काय चालवलंय आपण? आणि पत्र पाठवून तरी काय होणार?"

"काही नाही," सर म्हणाले. "तिथं फक्त देशाला दार आहे, माणसाला नाही. देशानं मनावर घेतलं तर. पण मला दुसरं काही येत नाही हो."

"अहो, पण ज्या खेळानं सिद्धार्थला—"

"सिद्धार्थ तिथं होता," सर म्हणाले.

मला कळेना. त्यांनी फोन पुढे केला. स्क्रीनवर एवढंच, की ही सेवा आता उपलब्ध नाही.

"त्याचं खेळातलं नाव मला माहीत होतं. तो गेल्यावर मी हे शिकलो. टेबलावर बसायचं, तो नसला की उठायचं, दुसऱ्या टेबलावर बसायचं. अकराव्या दिवशी सापडला. नावापुढे हिरवा ठिपका असतो, माणूस आहे असा. मग रोज शोधायचा. दोघांचं टेबल मिळालं की मी हरायचो. दीडशे, दोनशे. त्याच्या जेवणापुरते."

"त्याला कळलं होतं? तुम्ही आहात ते?"

"मी नाव सुमन घेतलं होतं." सरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "पहिले काही दिवस नुसता खेळला. मग एकदा डाव सुरू व्हायच्या आधी त्यानं नमस्काराचं चित्र पाठवलं. तेव्हापासून रोज पाठवायचा. तेवढंच. मी पण पाठवायचो."

पंधरा महिने मीच म्हटले होते. ते मी त्यांना सांगितलं. म्हटलं, सर, ती मुदत माझी चूक. त्यांनी हातानंच राहू द्या म्हटलं.

"शेवटच्या दिवशी डाव अर्धाच राहिला," ते म्हणाले. "पत्ते इतके चांगले आले होते सेक्रेटरीसाहेब, की मला हरता येईना. लागलेला सिक्वेन्स मोडत बसलो होतो. तो थांबला होता माझ्यासाठी. आणि सगळं बंद पडलं. आता तो जेवतो की नाही, हे मला कोण सांगणार?"

मी ठरावाची घडी घालून खिशात टाकली. टेबलावर त्यांचं पत्र होतं, सुवाच्य अक्षरात, तीन पानं. खाली सहीशेजारी साक्षीदाराची जागा रिकामी होती. मी पेन मागितलं.