नाना तळहाताने ऐकायचे

आमच्या लालबागच्या चाळीत नाना परबांशी पाठीमागून बोललेला माणूस आजवर सुखी झालेला नाही. जिन्यात मागून हाक मारा, चारदा मारा, बोंब ठोका. नाना आपले सावकाश चढत राहणार. लोक म्हणायचे, म्हातारा माजलाय. समोर जाऊन उभं राहिलं की मात्र नाना इतक्या प्रेमाने तोंडाकडे बघायचे की आपल्या दातात काही अडकलंय की काय, असं वाटावं.

खरं कारण चाळीत दोघांनाच ठाऊक होतं, एक त्यांची बायको, आमच्या काकी, आणि दुसरा मी. नाना ठार बहिरे होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी गिरणीच्या साचेखात्यात मागावर काढली. तिथल्या धडधडाटात शेजारच्याचा शब्द कळणं शक्यच नव्हतं, म्हणून कामगार आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायचे. संप झाला, गिरणी कायमची बंद पडली, आणि नाना ती ओठांची भाषा घेऊन घरी आले. कान तिथेच राहिले.

काकीही त्याच गिरणीत होत्या. त्यामुळे नवरा-बायकोची भांडणंसुद्धा बिनआवाजी. समोरच्या खिडकीतून बघणाऱ्याला वाटायचं, काय गोड जोडपं आहे! प्रत्यक्षात काकी त्यांच्या सात पिढ्या उद्धरत असायच्या.

ओठ वाचता आले नाहीत की नानांचं उत्तर ठरलेलं: "तुमचंच खरं." या एका वाक्यावर त्यांनी चाळीत अर्धं आयुष्य रेटलं. कमिटीच्या निवडणुकीत दोन्ही उमेदवारांनी त्यांचं मत आपलंच धरलं होतं. एकदा दाढीमिशांच्या जंगलातून जोशीबुवा कण्हत म्हणाले, "प्रकृतीचं काही खरं नाही नाना, यंदाचा गणपती बघेनसं वाटत नाही." नाना खूश होऊन म्हणाले, "तुमचंच खरं!" बुवा सहा महिने बोलले नाहीत, आणि तेही नानांच्या लक्षात आलं नाही.

संपानंतर नाना घोडपदेवच्या एका गॅरेजात इंजिनाचं काम शिकले. इंजिनावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि विचारायचं, "काय गो बाय, खंय दुखता?" मग बरोबर तिथेच पाना लावायचा. लोकांना वाटे, काय कान आहे म्हाताऱ्याचा! मी गप्प बसायचो.

काकी गेल्या तेव्हा नाना फार खचले, गॅरेजही सुटलं. मी त्या वेळी एका बंद गिरणीच्या जागेवर टॉवरचा पाया खणणाऱ्या कंत्राटदाराकडे स्टोअर सांभाळत होतो. नानांना तिथे मीच चिकटवलं. ऐकू न येणाऱ्याला मशीनजवळ सोडायचं नाही, असा साइटचा कडक नियम होता, आणि तो चुकीचाही नव्हता. तरी फॉर्मवर मी झोकात लिहिलं, 'श्रवण: उत्तम.' उघडकीला आलं तर माझी नोकरी जाऊ शकत होती. पण नानांच्या हाताखालचं इंजिन जाईल, याचीच मला जास्त धास्ती होती.

आणि मग एके दिवशी पोकलेन रुसलं. पोकलेन म्हणजे लांब सोंडेचं खोदाईचं धूड. कुठल्याही कंपनीचं असो, साइटवर त्याचं नाव तेच. दहा मिनिटं चाले, की लाल दिवा लागे, काटा तापमानाच्या टोकाला जाई आणि इंजिन मरगळे. कंपनीचा इंजिनियर लॅपटॉप घेऊन आला. म्हणाला, "इंजिन भयंकर तापतंय. खोलावं लागेल."

थंडीतली दुपार होती. खणलेल्या मातीची धूळ उन्हात तरंगत होती, आणि सगळी साइट झोपेत असल्यासारखी दिसत होती. नानांनी इंजिनाला, मग रेडिएटरच्या पाइपाला तळहात लावला. बराच वेळ तसेच उभे राहिले.

"तापलेली नाय. ताप असता तर हात ठेववला असता?" ते म्हणाले. "ती बरी आसा. सांगणारो खोटा बोलता."

इंजिन बंद करून त्यांनी तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा प्लग उपटला. "आता बघ काय म्हणता." इंजिनियरने केबिनमध्ये चावी नुसती अर्धी फिरवली. लॅपटॉपवर तापमान तसंच, टोकाला!

"सेन्सर काढला तरी बोंब चालूच. म्हणजे बोंबलणारो तो नव्हेच. तार बघूक होयी," म्हणत नानांनी तारेवरून बोटं फिरवत नेली. पंख्यामागे एका पट्टीला घासून तार सोललेली होती. हादरे बसत गेले की लोखंडाला चिकटायची, आणि मग इंजिन बंद केलं तरी तशीच राहायची. इंजिनियर खुल्या दिलाने म्हणाला, "मानलं काका!"

प्लग परत बसवून नाना तारेला टेप गुंडाळू लागले. तेवढ्यात केबिनमधून इंजिनियर ओरडला, "चालू करतोय, हात काढा!" नानांची पाठ त्याच्याकडे होती. तो पुन्हा ओरडला. मी धावलो आणि नानांना दंडाला धरून मागे खेचलं. पुढच्या क्षणी पंखा गरगरला.

मशीन उत्तम चाललं, पण ते बघायला कुणाला सवड नव्हती. लांबून सगळं पाहिलेले दामले साहेब, आमचे साइट मॅनेजर, नानांसमोर येऊन उभे राहिले. "नाना, तुम्हाला ऐकू येत नाही?"

या वेळी ओठ स्वच्छ वाचता येत होते. तरी नाना म्हणाले, "तुमचंच खरं."

साहेब माझ्यावर बरसले. ते बरोबरच होतं. आणखी एक क्षण गेला असता तर हात गेला असता, आणि ते पाप माझं होतं. नानांना त्यांनी काढलं नाही. माझ्या स्टोअरमध्ये खुर्ची दिली, पगार तोच. चालू इंजिनाजवळ मात्र पुन्हा जायचं नाही.

"बरं झालं ना, नाना? सावलीत बसून आराम," मी उसनं हसत म्हणालो.

"आरामच रे झिला," ते म्हणाले. "ही होती तोवर घरात बोलणं होतं. आता घरी भिंतीला हात लावून बघतो. काय येत नाय. इंजिनावर हात ठेवला की वाटतं, कोणीतरी बोलतंय माझ्याशी."

मी बाहेर जाऊन साहेबांना हे जसंच्या तसं सांगितलं. साहेब हातातलं हेल्मेट नुसतं फिरवत राहिले.

पाच वाजता काम सुटलं. साहेबांनी पोकलेनच्या ऑपरेटरला थांबवून घेतलं, इंजिन संथ चालू ठेवायला सांगितलं आणि स्वतः स्टोअरमध्ये आले. नानांना हाताला धरून त्यांनी मशीनच्या मागच्या बाजूला नेलं, जिथे पंखा नाही, पट्टा नाही, नुसता जाड पत्रा आहे. तिथे त्यांचा तळहात आपल्या हाताने टेकवला.

नानांनी डोळे मिटले. आणि मग त्यांचे ओठ हलू लागले, आवाज न करता, भरभर, मधेच हसत. ते काय बोलत होते ते आम्हा कोणालाच वाचता येत नव्हतं. साहेब घड्याळाकडे न बघता शेजारी उभे राहिले.