चांद्याची सुट्टी

वकील बापूसाहेबांनी नांदगाव पेठेजवळच्या एका शेतात स्वर्ग उभा केला होता. उंच मचाण, त्यावर गेल्या सालच्या कापसाचे ढग, पुढं फळ्यांचा उतार. पोळ्याच्या सणाला इंद्राची बैलगाडी या उतारावरून पृथ्वीवर येते, असा त्यांचा पहिलावहिला विनोदी सिनेमा होता. पोळ्याची गर्दी आयती मिळेल म्हणून शूटिंगही पोळ्याच्याच दिवशी ठेवलं. नागपूरहून भाड्यानं आणलेला कॅमेरा मात्र संध्याकाळच्या मोटारीनं परत जायचा होता.

नवी झूल पांघरून चांद्या बैल आला. त्याचे मालक खुशालराव गाडीचं जू पाहून थबकले.

"हे काय जी? आज पोळा हाय. आज बैलाच्या खांद्यावर जू नाही ठेवत."

"अहो, रिकामी गाडी! एवढासा उतार!"

"रिकामी असो का भरेल. आज त्याची सुट्टी."

"मग ओढणार कोण?"

"माणसाले कुठं सुट्टी असते?" खुशालरावांच्या पत्नी गोदाबाई म्हणाल्या.

बापूसाहेबांचे डोळे चमकले. पांढरी चादर आली, पुठ्ठ्याची शिंगं आली. बैलाची चाल ठाऊक म्हणून खुशालराव पुढचे पाय झाले. मागचे पाय व्हायला दुसरं कुणी तयार होईना, म्हणून बापूसाहेब स्वतः वाकले.

"खुशालराव, हळू! मला काही दिसत नाही!"

"मागच्या पायाले काय पाहाचं असते?"

कॅमेरामन कमलाकांतनं कॅमेरा सुरू केला. गाडी ढगांतून निघाली. त्याच क्षणी मोकळ्या चांद्याला सरकीचा वास आला. कापसातली सरकी काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं. चांद्या उतार चढून गेला आणि त्यानं स्वर्गात तोंड घातलं. एक ढग संपवून तो दुसऱ्याकडं वळला. त्याच्या वजनानं फळ्या कलल्या, गाडी सुटली, चादर टरकन फाटली. पुढचे पाय विहिरीकडं पळाले, मागचे तुरीत शिरले.

"कट! कट!" तुरीतून आवाज आला. कमलाकांत हसता हसता बटणावरचं बोट काढायचं विसरला होता. रीळ संपलं. कॅमेरा मोटारीनं परत गेला. बापूसाहेब डोकं धरून कापसात बसले.

दिवाळीत तेच रीळ अकोल्याच्या थिएटरात लागलं. लोक खुर्च्यांवरून घसरले. "तो बैल पुन्हा दाखवा!" असा गिल्ला झाला. बापूसाहेबांनी गहिवरून शेजारी बसलेल्या खुशालरावांचा हात धरला.

"तुमच्या चांद्यानं काय काम केलं हो!"

खुशालरावांनी हात झटकला आणि ते ताडकन उभे राहिले.

"म्हणजे पोळ्याच्या दिवशी माह्या बैलाकडून काम करून घेतलं तुमी?"

गोदाबाईंनी त्यांचं धोतर ओढून त्यांना खाली बसवलं.

"बसा जी गुमान. तो तं जेवून राहिला होता. काम तुमी करून राहिले होते!"