पारूआजीचा नवस

घिवलीची पारूआजी दुपारी बाराच्या सुमाराला माणूस पकडायला बसायची. पकडायला हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. ओट्यावर पाय सोडून, कपाळावर हात आडवा धरून ती रस्ता निरखत असे. अनोळखी माणूस दिसला की हाक यायची, "ए बाबा, हिकडं ये! जेवलास का?" तो "हो" म्हणाला की लगेच पुढचा प्रश्न, "काय जेवलास?" इथे भलेभले अडकत आणि निमूट पायरी चढत.

याचं कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आजीचा गावदेवीला नवस होता. बाहेरगावच्या माणसाने घरात घास घेतल्याशिवाय आपण दुपारचं जेवायचं नाही. नवस तिने लग्न होऊन आल्या आल्या बोललेला, आणि आता तिची पतवंडं शाळेत जात होती. तो कशासाठी बोलला हे कोणी विचारलं नव्हतं. देवीच्या आणि तिच्या मधल्या गोष्टीत कोण तोंड घालणार?

मी मूळचा सांगलीकडचा. नोकरी तारापूरच्या एमआयडीसीत, राहायला सरावलीत एक खोली. एका सुट्टीला समुद्र बघावा म्हणून घिवलीत शिरलो आणि सापडलो. रस्ता विचारायला थांबलो, एवढीच माझी चूक.

"समुद्र कुटं पळून जात नाय. आधी पाय धू."

"अहो आजी, मी तुमच्या ओळखीचा नाही. माझं नाव..."

"नाव मंग सांग. भात निवतोय."

मी मासे खात नाही म्हटल्यावर मात्र तिचा चेहरा पडला. "आजारी हायस का?" तिने काळजीने विचारलं. घरी आई माळकरी आहे, हे ऐकून तिने कालवण बाजूला झाकून ठेवलं आणि शेवग्याच्या शेंगांची आमटी केली. मी पहिला घास घेतला तसं तिने आपलं ताट ओढलं. माझं आटोपलं तरी तिने मला उठू दिलं नाही. "बस रे, गडबड कसली?" म्हणत सावकाश जेवत राहिली. पुढे वर्षभरात मी तिच्या हातचा सुका बोंबील चापायला लागलो. आईला हे अजून माहीत नाही.

तिच्या पंगतीला कोण नव्हतं? मीटर बघणारा, कुरिअरवाला, डासांचा धूर मारणारा, रस्ता चुकलेला ट्रकवाला. एका निवडणुकीत दोन विरोधी पक्षांची माणसं एकाच वेळी दारात आली. बाहेर एकमेकांची तोंडंही न बघणारी ती मंडळी आजीने शेजारी शेजारी बसवली आणि एकाच टोपातली कोळंबी वाढली. जाताना दोघांनाही खात्री होती की मत आपलंच. आजीने कोणाला दिलं ते देवीलाच ठाऊक.

देवीशी तिचं बोलणं शेजारणीशी असावं तसं. सकाळी दिवा लावला की सुरू होई, "वारा लय सुटलाय आज. पोरांच्या होड्या बगून ठेव. आन् दुपारचं कोनतरी धाड, ताजी मांदेली हायत."

अलीकडे मात्र देवी माणसं धाडीनाशी झाली. कुरिअरवाला नाक्यावरूनच फोन करतो. सगळे घाईत असतात आणि सगळ्यांकडे डबा असतो. त्यात आजीला साखर निघाली. वेळेवर जेवायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. पण कोणी फिरकलं नाही की म्हातारी तिसऱ्या प्रहरापर्यंत तशीच ओट्यावर. एकदा तर तिथेच चक्कर येऊन पडली. धाकटी सून भारतीवहिनी बोईसरच्या कंपनीत पॅकिंगला, धाकटा मुलगा शिफ्टला. लक्ष ठेवणार कोण? वहिनींनी गल्लीतल्याच एका गड्याला हेल्मेट घालून पाहुणा म्हणून पाठवलं. आजीने त्याला चालीवरून ओळखलं आणि हेल्मेटसकट परत धाडलं.

शेवटी वहिनींचा मला फोन आला. "भाऊ, तुमची दुपारपाळी असेल तवा कामावर जायच्या आधी येता का? आय जेवंल तरी."

मी जायला लागलो. इतर दिवशी कंपनीतल्या कोणाला तरी पाठवायचो. आमचा बिहारचा फिटर तर इतका रमला की स्वतःहून वार मागून घ्यायला लागला. आजीची साखर ताळ्यावर आली आणि मला उगाच मोठं पुण्य करत असल्यासारखं वाटू लागलं.

एका दुपारी मी हात धुऊन येतो तर आजी जेवायला लागलेली! मी दचकलोच.

"आजी, नवस! मी अजून घास घेतला नाही."

"तू काय पावना हायस? तू आता घरचा."

"मग तर नवस मोडलाच की!"

"घरचं मानूस संगाती बसलं तर नवस लागतो कशाला?" ती शांतपणे काटा काढत म्हणाली. मग माझ्याकडे न बघता बोलत राहिली. "लगीन करून आली तवा आमचा मालक होडीवर तांडेल, लय लय दिस दर्यात असायचा. घरात दुसरं कोन नाय. मी भरल्या घरातली पोर. एकटीच्या ताटात हातच जायना. वाटेवरच्या कोनाला बोलवू, तर तरनी बाय मी, लोक काय बोलतील? मंग देवीचं नाव पुडं केलं. तिच्या नावाला कोन बोलत नाय."

"म्हणजे नवस खोटाच?"

"खोटा कसा? तिला इचारून केलाय. तीबी दुपारची देवळात एकटीच असते."

आजीने माझ्या ताटात भात वाढला आणि आवाज खाली आणला. "भारतीला सांगू नको. ती तिकडं उभ्याउभ्या डबा खाते. म्हातारीला एकटी टाकून आली, असं मनात आलं तर पोरीला घास उतरायचा नाय."

मान खाली घालून मी जेवत राहिलो.

पारूआजी गेल्या उन्हाळ्यात गेली, नव्वदीच्या घरात. तेराव्याला ओटा पुरला नाही. ज्यांची नावं घरच्यांनाही माहीत नव्हती अशी माणसं कुठून कुठून आली होती. आमचा फिटर डोळे पुसत म्हणाला, "दादी नाम बाद में पूछती थी."

त्यानंतर वहिनींची कंबर धरली आणि त्यांनी काम सोडलं. नवऱ्याची शिफ्ट चालूच होती. परवा सकाळी त्यांचा फोन आला.

"भाऊ, आयचा नवस मी पुडं चालवायचा ठरवलाय. बाहेरचं मानूस जेवल्याबिगर मी पन जेवायची नाय."

"वहिनी, असं एकदम? देवीला बोललात?"

"बोलले की." त्यांच्या मागे घरात कसलाच आवाज नव्हता. "सुट्टी हाय ना तुमाला आज? भात टाकू का?"

आजीने सांगू नको म्हटलेलं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण वहिनींना आता ते सांगायची गरज उरली नव्हती. "टाका," म्हटलं, "निघालोच."