चांगल्या दिवसासाठी ठेवलेली साडी

अंजूनं आईचं कपाट पलंगावर उपडं केलं आणि तीन ढीग मांडले. ठेवायचे, दुरुस्त करायचे, द्यायचे. पुण्याहून येऊन तिला दोनच दिवस झाले होते. तिथं तिनं स्वतःचे कपडे असेच निवडून तेहतिसावर आणले होते. तेहतिसांत पायमोजे धरायचे की नाही हे अजून ठरायचं होतं, पण बाकीचे नियम पक्के होते. एक, हातमागाचं, नैसर्गिक धाग्याचं, टिकाऊ तेवढं ठेवायचं. दोन, जे वर्षभर अंगाला लागलं नाही ते घरात ठेवायचं नाही, ज्याला लागतं त्याच्याकडे जाऊ द्यायचं. अंजूची आई यशोदाबाई आठवडाभरासाठी भावाकडे गेल्या होत्या, त्यामुळे काम झपाट्यानं चाललं होतं.

"बाबा, ही साडी आईनं शेवटची कधी नेसली?"

देवचंद गुरुजींनी पेपरातून डोकं वर काढलं. उशीच्या अभ्र्यात ठेवलेली, घड्यांमध्ये कडुनिंबाचा पाला घातलेली कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी होती. मातीच्या रंगाची, काठाला बारीक विटकरी रेघ.

"नेसली नाही," गुरुजी म्हणाले.

"या वर्षी?"

"कधीच नाही."

"आणली कधी?"

"नव्व्याण्णव साली. आंधळगावच्या कोष्ट्याकडून."

"चौदा वर्षं," अंजू म्हणाली. पहिल्या नियमानं साडी ठेवायला हवी होती आणि दुसऱ्या नियमानं द्यायला. अंजूनं जरा विचार केला. दुसरा नियम नंतरचा होता, म्हणजे सुधारित होता. साडी तिसऱ्या ढिगावर गेली.

आता, गुरुजींच्या गावात, सडक अर्जुनीत, 'द्यायचे' या शब्दाचा अर्थ एकच होतो. प्रत्येक घरात पलंगाखाली आहेराची एक पेटी असते. लग्नात आलेल्या साड्या, टॉवेल, टोप्या तिच्यात जातात आणि पुढच्या कोणाच्या तरी लग्नात तिच्यातूनच बाहेर पडतात. काही साड्या पिशवीतून न निघता अख्खा तालुका तीनदा फिरून आल्या आहेत. गुरुजींनी तिसरा ढीग शिस्तीत त्या पेटीत रचला. शुक्रवारी कोहमाऱ्याला धनवंताबाई पटल्यांच्या मुलीचं लग्न होतं. गुरुजी एकटेच गेले. जाताना त्यांनी पेटीतली सगळ्यात वरची साडी पिशवीत घातली आणि पिशवीवर शाळेतल्या फळ्यासारख्या सुंदर अक्षरात 'कापगते परिवार' असं लिहिलं.

*

साडी चौदा वर्षं का नेसली नव्हती?

यशोदाबाई नात्यातल्या एका बारशाला नेसणार होत्या, पण ज्याचं बारसं तो मांडीवरच बसणार होता. भावाच्या लग्नात नेसणार होत्या, पण हळदीचे हात कोण आवरणार? मुलाला, पीयूषला, नोकरी लागली त्या दिवशी काढली होती, तर दारात चिखल होता. सव्वीस जानेवारीला गुरुजींच्या शाळेत नेसून जावं असं एकदा वाटलं होतं, पण झेंडावंदन सकाळी सात वाजता, सातला कोणाचं लक्ष असतं? नातेवाइकांत नेसावी तर सारखंसारखं 'केवढ्याची' विचारणार. एकटीनं नेसावी तर बघायला कोण?

पूर्वी एक शिक्षणविस्तार अधिकारी बाई शाळा तपासायला यायच्या. त्या अशी साडी नेसायच्या. खुर्चीवर बसल्या की साडी बसायची, उठल्या की उठायची, मध्ये कुठे चुरगळायची नाही. यशोदाबाईंना तेव्हापासून ती हवी होती. मिळाल्यावर तर जास्तच हवी होती. दर दिवाळीला त्या अभ्रा उघडायच्या, पाला बदलायच्या, एकदा हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "चांगला दिवस पाहून नेसीन."

*

"अवो, माझा अभ्रा कोठी आहे?"

"कपाटात."

"अभ्रा आहे. आत उशी आहे."

गुरुजींनी सगळं क्रमानं सांगितलं. यशोदाबाई पलंगावर बसल्या. त्यांनी आरडाओरड केली नाही, आणि त्यामुळेच गुरुजी घाबरले.

"मी जाऊन मागून आणतो," ते म्हणाले.

"अन काय सांगाल? आमची पोरगी पृथ्वी वाचवून राहिली, म्हणून चुकून दिली?"

"तसं नाही, पण..."

"देल्ला आहेर कोणी मागते का? उद्या धनवंताबाई साऱ्या कोहमाऱ्यात सांगन, मास्तराच्या घरचे आहेर वापस जातेत."

हे खरं होतं. आहेर येतो, आहेर जातो, पण मागता येत नाही.

रात्री अंजूचा पुण्याहून फोन आला. तिला फार वाईट वाटलं. मग ती म्हणाली, "पण आई, एका अर्थी बरंच झालं. कपडा फिरला पाहिजे."

"माझाच फिरायचा होता का?"

"तू नेसत नव्हतीस ना गं."

"नेसणार होती."

"कधी?"

यशोदाबाईंनी फोन गुरुजींच्या हातात दिला.

*

फोन पहिला. कोहमारा.

"धनवंताबाई, पोरीले आहेर बरे आले का जी?"

"आले ना बाप्पा. कायले विचारता?"

"असंच. आमच्याकडून काय गेलं, गुरुजीले सांगता येऊन नाई राहिलं."

"एक अशी... मातीवानी होती पाहा. वाईट नका मानू."

"नाई मानत. पोरीले दिसते का बरी?"

"दिसनच ना."

"नेसली का तिनं?"

"आता तुमच्यापासून काय लपवू, मास्तरीणबाई. देवरीले भूमेश्वरीच्या पोराचं लगन निंगालं, घाई होती, तिकडं देऊन टाकली."

फोन दुसरा, तीन आठवड्यांनी, कारण देवरीला फोन करायला काहीतरी निमित्त लागतं आणि ते आजारपणाचं मिळालं.

"गुडघा कसा आहे भूमेश्वरीबाई? अन सून कशी आहे? ड्रेस घालते का साडीबिडी नेसते?"

"नेसते जी. पण आहेरात एकएक साडी येते, काय सांगू. एक तर अशी होती का पांढरी बी नाई अन पिवळी बी नाई. चहा सांडल्यावानी."

"मंग?"

"नव्या नवरीले चहा सांडलेली कशी देऊ? माझ्या अंगणवाडीची मदतनीस नाई का, चिचगडची रुख्मा, तिच्या पोरीचं लगन होतं. तिच्या अंगावर घातली."

यशोदाबाईंनी फोन ठेवला. रुख्माला त्या ओळखत होत्या. गुरुजी चिचगडच्या शाळेवर होते तेव्हा संध्याकाळच्या साक्षरता वर्गात ती पाटी घेऊन सगळ्यांत पुढं बसायची. रुख्मा मडावी. एकुलत्या एका मुलीचं लग्न झालं, आता घरात ती एकटीच.

"सांगू का तिले?" गुरुजींनी विचारलं. "माझा शब्द मोडणार नाही ती."

"म्हणूनच सांगू नोका," यशोदाबाई म्हणाल्या. मग त्यांनी हिशोब लावला. ही साडी ज्या घरी जाते तिथं कोणी नेसत नाही. तिथून ती पुढच्याच आहेरात निघते. म्हणजे रुख्माला बोलवायचं असं एखादं कार्य आपल्याच घरी निघालं पाहिजे. "तुम्ही रिटायर कधी होता जी?"

"पुढच्या जूनला."

"मंडप टाकू."

गुरुजींच्या मनात नारळ, शाल आणि दोन शब्द एवढंच होतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी मंडप कधी टाकला नव्हता. पण अभ्र्यातल्या उशीची त्यांना आठवण झाली. "टाकू," ते म्हणाले.

ते वर्ष यशोदाबाईंना फार लांब गेलं. चिचगडहून कोणी आलं की त्या पाणी द्यायच्या आधी विचारायच्या, रुख्मा कोणाच्या लग्नाला गेली होती का, अन काय घेऊन गेली होती. रुख्मा दरवेळी स्टीलचा डबा घेऊन गेलेली असायची. यशोदाबाईंना तिचा मनापासून आदर वाटू लागला.

*

पत्रिका अंजूनं पुण्याहून छापून पाठवल्या. हातकागदावर. कागदात झेंडूच्या बिया होत्या, पत्रिका मातीत पुरली की रोप येणार होतं. खाली ठळक अक्षरांत ओळ होती:

*पर्यावरणाच्या रक्षणासाठी कृपया कोणत्याही प्रकारचा आहेर आणू नये.*

यशोदाबाईंनी ती ओळ दोनदा वाचली. "हे काय लिवलं या पोट्टीनं?"

"काळजी करू नको," गुरुजी म्हणाले. "आपल्याकडं ही ओळ कोणी ऐकते का?"

त्यांचं म्हणणं अगदी बरोबर निघालं. 'आहेर आणू नये' असं जे घर छापतं ते मोठं घर, आणि मोठ्या घरी हलकी साडी घेऊन कसं जायचं? लोकांनी दोन-दोन आणल्या. दुपारी बारापर्यंत मंडपातल्या टेबलावर साड्यांचा डोंगर झाला. पोपटी, जांभळ्या, चमकीच्या, टिकल्यांच्या, हात लावला की चटका देणाऱ्या. शाळेच्या छोटेलाल शिपायानं त्या डोंगरामागं खुर्ची घेतली तर तो दिसेनासा झाला. अंजू बाजूला उभी राहून डोंगराकडं पाहत होती. तिच्या अंगावर तेहतिसांपैकी एक कुर्ता होता.

"हे सगळं पॉलिस्टर आहे बाबा. जमिनीत दोनशे वर्षं राहतं."

"जमिनीत नाही जाणार," गुरुजी म्हणाले. "पेटीत राहील."

यशोदाबाईंचं लक्ष फाटकाकडं होतं. रुख्मा साडेबाराच्या गाडीनं आली. तिच्या हातात पिशवी नव्हती. डबासुद्धा नव्हता. हातात फक्त पत्रिका होती आणि अंगावर कोशाची साडी.

"पूर्ण वाचली जी गुरुजी," ती पाया पडत म्हणाली. "बिनाअडखळता. आहेर आणू नये लिवलं होतं, म्हणून नाई आणला. बाकीच्यायनं काऊन आणला? त्यायले वाचता नाई येत का?"

गुरुजींनी मंडपभर नजर फिरवली. चौतीस वर्षांत त्यांनी वाचायला शिकवलेल्यांत, लिहिलेलं तंतोतंत पाळणारी ही एकच निघाली होती.

*

जेवणाच्या पंगतीत वाढताना रुख्माच्या निऱ्या सुटल्या. यशोदाबाई तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि दार लावून खाली बसल्या.

"मी करतो जी, तुमी कायले..."

"थांब तू. उभी राहा."

एक निरी, दुसरी, तिसरी. यशोदाबाईंचे हात हळू चालत होते. साडीला किंचित धुराचा वास होता आणि पदराशी हळदीचा एक ठिपका होता. चौदा वर्षं ज्या साडीवर त्यांनी हात फिरवला होता ती पापडासारखी कडक होती. ही बोटांतून पाण्यासारखी जात होती.

"किती नरम आहे," त्या म्हणाल्या.

"आली तेव्हा नाई होती जी. टोचे. नेसूनच नरम झाली ते."

"केव्हा नेसतेस?"

"बुधवारी."

"काऊन, बुधवारी काय असते?"

रुख्मानं विचार केला. "काई नाई जी. बुधवार असते."

यशोदाबाई निऱ्या हातात धरून तशाच बसल्या.

"तुमाले आवडली का?" रुख्मानं खाली पाहून विचारलं. "कोणाच्या घरून निंगाली होती कोणास ठाऊक. भूमेश्वरीबाईनं देल्ली, तिले दुसऱ्या कोणं देल्ली असन. मी तर म्हणतो, एवढी चांगली साडी जिनं सोडली तिचं मन मोठंच असन."

यशोदाबाईंचं तोंड उघडलं होतं. वाक्य तयार होतं, एक वर्षापासून तयार होतं. बाहेरून गुरुजींचा आवाज आला, "आयकलं का, फोटोवाला थांबला." त्यांनी निऱ्या खोचल्या, पदर सारखा केला आणि रुख्माला पुढं करून दार उघडलं.

फोटोत यशोदाबाई डोंगरातली पोपटी साडी अंगावर टाकून उभ्या आहेत. त्या कॅमेऱ्याकडं पाहत नाहीत. डावीकडं, टोकाला, रुख्मा उभी आहे, तिकडं पाहत आहेत.

*

जुलैतल्या एका बुधवारी यशोदाबाईंनी डबा बांधला आणि चिचगडची गाडी धरली.

"तिकडं काय आहे आज?" गुरुजींनी विचारलं.

"काई नाई," त्या म्हणाल्या. "पाहून येतो."

रुख्मा अंगणात होती. तिच्या अंगावर निळी नायलॉनची साडी होती. यशोदाबाई फाटकातच थांबल्या.

"आज बुधवार ना गं?"

"आज धुतली जी," रुख्मा म्हणाली. "चार दिवसांनी ऊन पडलं, रिठ्यात घातली. या ना, बसा."

अंगणात दोन सागाच्या खांबांना तार बांधली होती. साडी तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी होती. अख्खी. अशी उघडी यशोदाबाईंनी तिला कधी पाहिली नव्हती. वारा आला की सगळी एकदम हलायची आणि मग पुन्हा जागेवर यायची. रुख्मानं बाज तिच्या सावलीत आणून टाकली. दोघींनी डबा खाल्ला. रुख्मानं मुलीचं सांगितलं, यशोदाबाईंनी गुरुजींचं, की घरात बसून ते आता आलेल्या-गेलेल्यांची शुद्धलेखनं तपासतात.

उन्हं कलली. आत चहा टाकताना रुख्मानं हाक दिली, "मास्तरीणबाई, पाहा बरं वाळली का. वाळली असन तर काढा."

यशोदाबाई उठल्या. त्यांनी पदर गालाला लावला. साडी वाळली होती, दुपारीच वाळली होती, उन्हानं कोमट झाली होती.

"ओली आहे अजून," त्या म्हणाल्या, आणि परत बाजेवर बसल्या.